तयार स्लॅब आले, मजला अजून व्हायचा आहे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दुमजली घराचे मजले प्रीकास्ट, म्हणजे आधी ओतून तयार केलेल्या भागांचे करायचे आहेत. खोल्यांचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) चार मीटर आहे, पण क्रेन आत येत नाही. पोकळ स्लॅब (लांबीभर आरपार पोकळ्या असलेले) घ्यावेत की फळी-कडीचा (छोट्या तुळयांवर काँक्रीटच्या फळ्या टाकून केलेला) मजला करावा?

उत्तर : क्रेन येत नसेल तर निवड तिथेच झाली, फळी-कडीचा मजला करा. चार मीटरला १५० मिमी जाडीचा पोकळ स्लॅब सहसा पुरतो. तो १२०० मिमी रुंद असतो आणि एका नगाचे वजन एक टनाच्या वर जाते, म्हणजे हाताने चढवण्याचा प्रश्नच नाही.

रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली फळी-कडी पद्धत अशाच जागेसाठी आहे. फळी ३०० मिमी रुंद आणि दीड मीटरपर्यंत लांब असते. तिची जाडी काही भागात ६० आणि काही भागात ३० मिमी असते. वजन पन्नास-साठ किलो भरते, त्यामुळे दोन माणसे ती नेऊन बसवतात. १५० बाय १५० मिमीची चार मीटर लांब कडी मात्र सव्वादोनशे किलोंच्या घरात जाते, तिला साखळी-कप्पी लावा. फळीच्या पातळ भागातल्या खाचेत आणि कडीवर जागेवरच काँक्रीट भरले की फळी आणि कडी एकजीव होऊन वजन घेतात. कडीतून वर आलेल्या रिंगा त्यासाठीच सोडलेल्या असतात. फळ्या बसवताना या रिंगा आड येतात म्हणून ठोकून वाकवल्या जातात, आणि तसे झाले की वरचे काँक्रीट कडीवर नुसते पडून राहते. डिझाइनमध्ये कडीखाली टेकू दाखवले असतील तर ते या काँक्रीटने ताकद धरेपर्यंत काढू नका.

प्रश्न : सहा मीटरचे पोकळ स्लॅब बसवले. मध्यभागी ते २० मिमी वर उचललेले आहेत, आणि शेजारच्या दोन स्लॅबांत १२ मिमीचा फरक आहे. माल परत पाठवावा का?

उत्तर : २० मिमीचा उंचवटा दोष नाही. ताणलेल्या तारा स्लॅबच्या तळाशी असतात. कारखान्यात ओतण्याच्या बेडवर तारांचा ताण सोडला की त्या खालची बाजू दाबतात आणि स्लॅब वर कमानतो. गाळ्याच्या तीनशेव्या भागाइतकी कमान नेहमीची, आणि तुमचे २० मिमी नेमके तेवढेच आहेत.

शेजारच्या स्लॅबांतला फरक मात्र सांधे भरण्याआधी काढायला हवा. वेगवेगळ्या दिवशी ओतलेले, कमी-जास्त दिवस थप्पीत पडून राहिलेले स्लॅब शेजारी आले की असा फरक पडतो. एका गाळ्यासाठी एकाच दिवशी ओतलेले स्लॅब मागवणे हा खरा उपाय आहे. आता खालून टेकू-जॅक लावून बसका स्लॅब हळूहळू उचला, वरून-खालून पट्टी आवळून दोन्ही एका पातळीत धरा, सांधा भरा, आणि मसाला कडक होईपर्यंत पट्टी सोडू नका. वर विटांची थप्पी रचून उंच स्लॅब दाबू नका. थप्पी हलली की तो परत वर येतो आणि ताजा सांधा फुटतो.

टॉपिंगचा, म्हणजे स्लॅबवर ओतायच्या काँक्रीटच्या थराचा हिशेबही या कमानीमुळे बदलतो. मध्यभागी ५० मिमी ठेवले तर टोकांना ७० मिमी पडतात. १०० चौरस मीटरला ५ घनमीटर धरून चालणार नाही, सुमारे ५.७ घनमीटर लागतात. काँक्रीट कमी पडले की मध्यभागचा थर २०-२५ मिमीवर आणला जातो, आणि तिथेच तो पुढे सुटतो.

प्रश्न : मजला होऊन वर्ष झाले. खालच्या प्लास्टरला दर सव्वा मीटरवर सरळ रेषेत तडे गेले आहेत. दोनदा भरले, पुन्हा आले. स्लॅब कमकुवत आहेत का?

उत्तर : तुमची सव्वा मीटरची रेघ म्हणजे १२०० मिमीचा सांधा, स्लॅब बहुधा ठीक आहेत. दोन स्लॅबांच्या कडांना खाचा असतात. त्यात भरलेला मसाला दाताप्रमाणे अडकतो आणि एका स्लॅबवरचे वजन शेजारच्यावर पोचवतो. हा दात तुटला की प्रत्येक स्लॅब एकटा वाकतो आणि वर माणूस चालला तरी प्लास्टर त्या रेषेवर कातरले जाते.

तो तुटतो कशाने? बहुतेक वेळा सांधे भरण्याआधी किंवा भरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मजल्यावर विटांचा ढीग उतरवला जातो. दुसरे कारण म्हणजे खाचेतली माती आणि कटिंगचा गाळ न काढता मसाला ओतणे. तिसरे म्हणजे पाणी घालून पातळ केलेला मसाला, जो सुकताना आकसतो आणि एका बाजूने सुटतो.

नव्या मजल्याला क्रम असा ठेवा. खाच झाडून हवेने फुंका. खालची फट फोमच्या दोरीने बंद करा. कडा ओल्या करा, पण पाणी साचू देऊ नका. सिमेंट, वाळू आणि १० मिमीखालची बारीक खडी असा २५ ते ३० मेगापास्कल ताकदीचा मसाला एका टोकाकडून ओतत न्या आणि सळईने खोचा, कारण खाचेचे तोंड अरुंद असते आणि हवा आत अडकते. नंतर किमान तीन दिवस ओले ठेवा आणि मसाल्याने ताकद धरेपर्यंत त्या गाळ्यावर माल चढवू नका.

बीमवर समोरासमोर येणारे स्लॅब सळ्यांनी बांधायचे असतात. १० किंवा १२ मिमीची सळई एका स्लॅबच्या सांध्यातून बीमवरून पलीकडच्या सांध्यात जाते, आणि मजल्याच्या कडेने सळ्यांचा सलग पट्टा फिरतो. नग आणि लांबी ड्रॉइंगप्रमाणेच घ्या. ही सळई साइटवर हटकून विसरली जाते आणि वरून काही कळतही नाही. १६ मे १९६८ रोजी लंडनच्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. कोपऱ्याची तयार भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा तो अख्खा कोपरा कोसळला. चार माणसे दगावली. भिंती आणि मजले एकमेकांना पुरेसे बांधलेले नव्हते. तयार भाग एकमेकांना बांधण्याचे आजचे नियम त्या घटनेनंतर कडक झाले.

तुमच्या मजल्यात आधी सांध्यांतल्या सळ्या ड्रॉइंगप्रमाणे पडल्या आहेत का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. त्यानंतर दोन-तीन ठिकाणी वरून सांधा उघडून पाहा. मसाला पोकळ निघाला तर सांधे साफ करून पुन्हा भरावे लागतील. घट्ट असेल तर छताला त्या रेषेवर बारीक खाच पाडा आणि ताणणारे सीलंट भरा. सपाट प्लास्टरने ती रेघ कायमची झाकली जात नाही.

प्रश्न : वरच्या मजल्यावर नळ नाही, पाऊसही थांबलाय, तरी छतातून थेंब पडतात.

उत्तर : पोकळ स्लॅबच्या पोकळ्यांत पाणी साचले आहे. बांधकामाच्या काळात उघड्या टोकांतून पावसाचे आणि क्युरिंगचे पाणी आत शिरते आणि महिनोन्महिने झिरपते. प्रत्येक पोकळीच्या मध्यरेषेवर, टोकाजवळ, खालून १० ते १२ मिमीचे छिद्र पाडा. छिद्र दोन पोकळ्यांमधल्या बरगडीत जाऊ देऊ नका, तिथे तारा आहेत. कारखान्यात छिद्रे पाडलेली असली तरी ती गाळाने बुजतात, तेव्हा आधी तीच मोकळी करा.

प्रश्न : संडासाच्या पाइपसाठी भोक आणि पंख्याचा हूक, दोन्ही नंतर केले तर चालेल?

उत्तर : एका पोकळीच्या रुंदीत मावणारे भोक कोअर कटरने (गोल भोक कापणाऱ्या यंत्राने) चालते. ठोकून फोडणाऱ्या ब्रेकरने नाही, त्याने खालची पातळ साल मोठ्या खपलीने सुटते. त्याहून मोठ्या भोकाने तारा तुटतात, म्हणून ते कारखान्याला आधी सांगा आणि तिथे पोलादी आधाराची तजवीज करा. पंख्याला पोकळीत उघडणारा टॉगल बोल्ट लावा. साधा अँकर धरायला खाली साधारण ३० ते ४० मिमीच काँक्रीट असते.

प्रश्न : स्लॅब लगेच बसवायचे नाहीत. थप्पी लावताना मध्ये तिसरे लाकूड द्यावे का?

उत्तर : नाही. वरच्या बाजूला सहसा सळई नसते. टोकांची लाकडे थोडी जरी बसली तरी स्लॅब मधल्या लाकडावर उलटा वाकतो आणि वरून आडवा तडकतो. दोनच लाकडे, टोकांपासून साधारण अर्ध्या मीटरच्या आत, आणि प्रत्येक थरात एकाखाली एक ओळंब्यात ठेवा. उचलतानाही स्लिंग (क्रेनच्या हुकापासून स्लॅबपर्यंतचे दोन दोर) तिथेच लावा. स्लिंगचा आडव्याशी कोन ६० अंश असेल तर दोनपैकी प्रत्येक दोरावर वजनाच्या सुमारे ०.५८ पट ताण येतो. कोन ३० अंशांवर उतरला की एकेका दोरावर अख्ख्या स्लॅबच्या वजनाइतका ताण येतो.