बायबल-अभ्यासाला नव्यानं बसताना

ताई, बायबल ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकापासून सलग वाचायला घेऊ नका. ‘लेवीय’ या तिसऱ्या पुस्तकापाशी बहुतेकींचं वाचन अडतं, यज्ञांचे नियम एकदम कळत नाहीत. आधी रूथचं पुस्तक घ्या: एकूण 4 अध्याय, 85 वचनं. रोज 20 मिनिटं, 8-10 वचनं, दोनदा वाचायची. गॅसवर दूध ठेवून बसू नका, लक्ष तिकडंच राहतं. वहीत लिहा: देवाबद्दल काय कळलं, आज मी काय करीन. ‘प्रेमानं वागेन’ असं मोघम नको. कुणाशी, कसं, ते लिहा.

दुसऱ्या अध्यायात रूथ जवाचा सरवा वेचते. आपल्याकडं शाळू काढल्यावर पडलेली कणसं वेचतात, तसंच. तेव्हा लेवीय 19:9-10 (अध्याय 19, वचनं 9-10) उघडा. गरिबांसाठी सरवा ठेवायची आज्ञा तिथं आहे. आता लेवीयही परकं वाटणार नाही! दिवस चुकला तर दुप्पट वाचू नका. अडलेलं रविवारी चर्चमध्ये पाळकांना विचारा.