कॅपमध्ये जागा उरलीय, करायचं काय?

प्रश्न: एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) टीमकडे सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) जागा शिल्लक असेल तर महागडा स्टारच घ्यायला हवा का?

उत्तर: छे, दुसऱ्याचं ओझं घ्यायचं आणि त्याची किंमत वसूल करायची! २०१९ ला टोरांटोला आपल्या प्लेअरचा, पॅट्रिक मार्लोचा ६२.५ लाख डॉलरचा कॅप हिट (कॅपमध्ये धरली जाणारी त्याची वर्षाची रक्कम) डोईजड झालेला, कॅरोलायनाने तो घेतला पण सोबत ड्राफ्टमधल्या (नव्या प्लेअर्सची निवड) पहिल्या राउंडचा पिकही (निवडीचा हक्क) पदरात पाडून घेतला, मार्लोला लगेच बायआउट (पैसे देऊन करार संपवणं) देऊन मोकळं केलं आणि त्याच पिकवर २०२० मध्ये १३व्या नंबरला सेथ जार्विस मिळाला की राव. मालकाची खिशात हात घालायची तयारी मात्र पाहिजे, बायआउटचे पैसे खरेच जातात. दुसरं म्हणजे, आपला प्लेअर देताना त्याचा ५० टक्क्यांपर्यंत पगार आपल्याच कॅपवर ठेवायचा, मग समोरचा जास्त देतो, पण असे एका वेळी ३च कॉन्ट्रॅक्ट चालतात.