‘पाणी पुरेसं नेलं होतंत ना?’

प्रिय मावशी,

डिसेंबरमध्ये आमचं लग्न झालं. मी २७, तो २९. दोघंही पुण्यात नोकरी करतो, सासू-सासऱ्यांसोबत राहतो. आमची ओळखच मुळी ट्रेकवर झाली, राजमाचीला. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा म्हणून मी किती बेत केले होते! पण एप्रिलमध्ये गावची जत्रा झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात महाबळेश्वर आहे, सतरा सीटर गाडी करून, चौदा माणसं. मग सासरकडची दोन लग्नं. १७ मेपासून अधिक महिना, म्हणून देवरुखजवळ माझ्या माहेरी जावयाला धोंड्याचं जेवण. त्यालाही सासू-सासरे येणार, कारण आई-बाबांनीच आग्रहाने बोलावलंय.

या सगळ्यात आम्ही दोघं कुठेच नाही. म्हणून एप्रिलमध्ये घरी ‘ऑफिसची ऑफसाइट आहे’ असं सांगून हरिश्चंद्रगडावर जाऊन आलो, पाचनई गावाकडून. सोबतच्या मित्राने कोकणकड्यावरचा फोटो स्टेटसला टाकला, तो नणंदेने पाहिला. घरात कुणी भांडलं नाही. सासूबाई पोळ्या लाटत होत्या, तेवढंच म्हणाल्या, ‘पाणी पुरेसं नेलं होतंत ना?’ तेव्हापासून कामापुरतं बोलतात. (खरं सांगायचं तर नव्हतं नेलं पुरेसं. दोघांत चार लिटर होतं, उतरताना संपलं.)

आता जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचंय, दुसऱ्या दिवशी कळसूबाई. दोघंच. नवरा म्हणतो, ‘परत ऑफिसचंच काम सांगू, नाहीतर तू बोल आईशी.’ तो कॉलेजपासून मित्राकडे अभ्यासाला जातो असं सांगूनच ट्रेकला जायचा. मी स्वार्थी आहे का? आणि आईंचा राग कसा घालवू?

– सॅक भरून बसलेली, पुणे


अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी तुझ्या बाजूने होते. दुसऱ्यांदा त्या पोळपाटाशीच अडकले.

आधी स्वार्थाचं बोलू, कारण ते लवकर आटपण्यासारखं आहे. नाहीस तू स्वार्थी. एप्रिल ते जूनमधले शनिवार-रविवार कॅलेंडर घेऊन मोज. त्यातला एक स्वतःसाठी मागितलास तर कुणाचं काही ओढून घेतलेलं नाहीस. त्यात यंदाचा उन्हाळा जरा जास्तच आवळलेला आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्या महिन्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून सगळ्यांनी कार्यं त्याच्या आधी कोंबली आहेत. वर नवी सून आणि नवा जावई, दोन्हीकडच्यांना तुम्हाला मिरवायचंय. यात कुणाचा दुष्टपणा नाही, पण दमणूक खरी आहे.

माझा पहिला मे महिना राजापूर तालुक्यात, सासरच्या घरी गेला. साल १९८७. पंधरा माणसं घरात. रात्री खळ्यात ओळीने अंथरुणं पडायची. माझ्या एका बाजूला आजेसासूबाई, दुसऱ्या बाजूला धाकटी नणंद, आणि नवरा पार पडवीच्या टोकाला, पुरुषांच्या रांगेत. महिन्याभरात आम्ही दोघं निवांत बोललो ते एकदाच, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलो तेव्हा. तेही कोपरापर्यंत लाल रस ओघळत असताना, आणि सासरे मधूनमधून खाकरत असताना. आता त्याचं हसू येतं, तेव्हा रडू यायचं. त्यामुळे ‘आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं’ म्हणणाऱ्या बायकांत मला धरू नकोस.

पण हरिश्चंद्रगडाच्या बाबतीत मात्र तुमचं चुकलं. खोटं बोललात म्हणून मी कान धरत नाही. कुठल्या लग्नात थोडंफार खोटं नसतं? माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही दोघं मुरलेले ट्रेकर. गडावर जाताना घरच्या एका तरी माणसाला वाट, सोबत कोण, आणि परत यायची वेळ सांगून निघायचं, हे तुम्हाला मी शिकवायला हवं का? एप्रिलचं ऊन, वर फोनला धड रेंज नाही, पाणी संपलेलं. समजा, तुमच्यातल्या कुणाचा पाय मुरगळला असता, किंवा चक्कर येऊन कुणी बसलं असतं. रात्री अकरा वाजता घरच्यांनी शोध कुठे घेतला असता? तुमच्या ऑफिसात?

आणि नेमकं हेच सासूबाईंच्या डोक्यात आलं. त्यांचा प्रश्न पुन्हा वाच. ‘माझ्याशी खोटं का बोललात’ असं नाही विचारलं त्यांनी. ‘मला का नाही नेलंत’ असंही नाही. पाणी नेलं होतं का, हे विचारलं. फोटो पाहिल्यावर ज्या बाईला आधी पाण्याचं सुचतं, तिला उन्हातला तो कातळ डोळ्यांपुढे दिसलेला असतो. तू त्याला टोमणा समजलीस. असेलही अर्धा टोमणा, मी त्यांना ओळखत नाही. पण उरलेला अर्धा घाबरलेल्या आईचा आहे, आणि त्या अर्ध्याला उत्तर देणं तुझ्या हातात आहे. तू काय उत्तर दिलंस तेव्हा? पत्रात नाही लिहिलंस. बहुधा ‘हो’ म्हणून खोलीत गेली असशील.

मग आता जा स्वयंपाकघरात. पोळ्यांच्याच वेळी जा, समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोलायची गरज नाही; हात कामात असले की अवघड बोलणं सोपं जातं. त्या लाटत असतील तर तू भाजायला घे. आणि सांग, ‘आई, त्या दिवशी पाणी नव्हतं पुरलं. दोघांत चार लिटर नेलं होतं, उतरताना संपलं. तुम्हाला न सांगता गेलो ते चुकलं.’ बस. ‘पण तुम्ही सोडलं नसतंत’ हे शेपूट त्याला जोडायचं नाही. ते वाक्य तुझ्या जिभेवर येईल, मला माहीत आहे. गिळ.

एवढंच तुझं काम. पुढचं तुझ्या नवऱ्याचं, आणि त्याच्याशी मला थोडं कडक बोलायचं आहे. त्याला हे वाचायला दे.

बाबा रे, तू कॉलेजपासून आईला फसवून डोंगरात जातोयस. तेव्हा पकडला गेला असतास तर ‘वाह्यात मुलगा’ म्हणून दोन शिव्या खाल्ल्या असत्यास आणि विषय संपला असता. आता पकडला गेलास तर घरात म्हणतात, ‘लग्न झाल्यापासून बदलला.’ खोटं तुझं, जुनं. पावती फाटते तुझ्या बायकोच्या नावाने. आणि वर तिलाच म्हणतोस, ‘तू बोल आईशी.’ आई तुझी आहे ना? मग तूच बोलायचं. बायको शेजारी बसली तर बसू दे, पण तोंड तुझं उघडलं पाहिजे. परवानगी मागू नकोस, एकोणतिसाव्या वर्षी ते बरं दिसत नाही, आणि मागितलीस की नाकारायची सोय करून दिलीस. नुसतं सांग: ‘आई, ६ आणि ७ जूनला आम्ही दोघं भंडारदऱ्याला जातोय. शनिवारी रात्री काजवे, रविवारी पहाटे बारी गावातून कळसूबाई. मुक्काम अमक्या गावात, तमक्यांच्या घरी, हा त्यांचा नंबर. रविवारी रात्री नऊपर्यंत घरी.’ कागदावर लिहून फ्रिजवर लाव. आणि हे आत्ताच सांग, महाबळेश्वरला निघायच्या आधी. आपल्याकडे रिकामा रविवार फार दिवस रिकामा राहत नाही, कुणाची तरी मुंज, कुणाचा तरी वास्तू येऊन बसतो.

६ तारीख मी उगाच नाही म्हटली. ३१ मेला पौर्णिमा आहे, आणि चांदण्यात काजवे फिके पडतात. ६ जूनला चंद्र उगवेल मध्यरात्रीच्या आसपास, म्हणजे संध्याकाळपासून चांगले तीन-चार तास गडद अंधार. आणखी आठवडाभर थांबलात तर मृगाचा पाऊस गाठेल. एकदा तो जोरात लागला की काजवे ओसरतात. घाटघर, पांजरे, रतनवाडीच्या बाजूला हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकत असतात. एक झाड विझतं आणि शेजारचं पेटतं, तेव्हा बोलायचं सुचत नाही. फक्त शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेतल्या हेडलाइटनीच निम्मा अंधार मरतो. तेव्हा दिवसाउजेडी गावात पोचा, गाडी तिथेच ठेवा, रात्री चालत जा. बॅटरी पायांपुरती, फ्लॅश मुळीच नाही, आणि फांदी हलवून काजवे उडवणारे कुणी दिसले तर माझ्या वतीने दोन शब्द सुनवा.

कळसूबाईचं तुम्हाला माहीत आहेच. १६४६ मीटर, आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच टोक, वाटेत लोखंडी शिड्या. पण रविवारी त्या शिड्यांवर लोकलसारखी गर्दी होते. पहाटे चारला निघालात तर दहाच्या आत खाली याल, ऊनही टळेल. अत्तर-परफ्यूम लावू नका, कड्यांवर आग्यामोहोळं असतात. आणि पाणी चार लिटर. माणशी.

आता धोंड्याकडे वळू. मला वाटतं, तू त्याच्याकडे ‘आणखी एक कार्यक्रम’ म्हणून बघते आहेस आणि तिथे तुझी थोडी गफलत होतेय. अधिक महिना येतो तीन वर्षांनी एकदा. गेल्या खेपेला, २०२३ मध्ये, तो श्रावणात आला होता, कोकणात धो-धो पावसात. यंदा आंबे-फणस-करवंदांच्या दिवसांत आलाय, आणि तुमच्या लग्नानंतरचा पहिलाच. तुझ्या आईने अनारशाच्या पिठासाठी तांदूळ कधी भिजत घालायचे हेसुद्धा ठरवून ठेवलं असेल. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाळवायचे, कुटायचे, गूळ घालून मुरवायचे, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर पहिला अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, की तिचा जीव खालीवर. असे तेहतीस! ते ताट तुझ्या नवऱ्यापुढे येईल तेव्हा मान खाली घालून मोबाइल बघत बसू नका म्हणावं. तो दिवस तुमच्या दोघांचा नाही, तुझ्या आईचा आहे. तिला तो मनापासून द्या.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट तुमची. देवरुखहून मार्लेश्वरचं शंकराचं देऊळ काही लांब नाही. उजाडायच्या आत निघा, सह्याद्रीच्या कुशीतली ती पायऱ्यांची वाट दोघं चढून या, न्याहारीला परत. घरात सतरा माणसं असली तरी पहाटे साडेचारला तुमच्याबरोबर उठायची हौस कुणाला नसते. अनुभव आहे. (रातांब्यांनंतर दुसऱ्या वर्षी आम्ही हेच सुरू केलं.)

आणि परतताना एक सुचवते, बघ पटतंय का. देवरुखहून पुण्याला येताना महाड वाटेवरच आहे. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर पाचाड, रायगडाच्या पायथ्याचं गाव. सासू-सासरे बरोबर आहेतच, तर एक रात्र तिथे मुक्काम करा. रायगडाला रोपवे आहे, ते दोघं सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत वर जातील. तुम्ही दोघं पाच वाजता चित्त दरवाजाकडून पायऱ्यांनी निघा. चौदाशेच्या वर आहेत, मेच्या उकाड्यात घाम काढतील, पण तुम्हाला तेच हवंय. होळीच्या माळावर भेटायचं. म्हणजे दोन-अडीच तास डोंगर तुमचा, आणि नंतर जगदीश्वराच्या देवळात चौघं एकत्र. तुझ्या सासूबाईंनी मुलगा गडावर जातो एवढंच वर्षानुवर्षं ऐकलंय, तेही बहुतेक उशिरा आणि दुसऱ्याकडून. तो चढून घामाघूम वर येताना कसा दिसतो हे त्यांनी एकदा बघू दे. फक्त ५-६ जूनच्या आसपास तिकडे फिरकू नका. राज्याभिषेकाच्या सोहळ्याला गडावर पाऊल ठेवायला जागा नसते.

हे रायगडाचं काजव्यांच्या बदल्यात नाही हं. ‘तुम्हाला रायगड दाखवतो, मग आम्हाला भंडारदऱ्याला सोडा’ असा सौदा करू नका. भंडारदरा वेगळा, ठरलेला, आणि दोघांचाच. नणंद म्हणाली की ‘आम्ही पण येतो, मुलांना काजवे बघायचेत’, तर तुझ्या नवऱ्याने हसून सांगायचं, ‘पुढच्या वर्षी नक्की, यंदा आम्ही दोघंच.’ ती फुगेल दोन दिवस. फुगू दे. स्टेटस बघून घरात सांगणाऱ्या माणसाला एवढं चालायला हवं.

महाबळेश्वरचं मी काहीच बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नाही. मेमधली गर्दी, वेण्णा लेकवर तासाची रांग, मक्याचं कणीस, चौदा माणसांत बाराशे फोटो. जा, घोड्यावर बसा, मुलांना आइस्क्रीम द्या आणि परत या.

अबोला किती दिवस चालेल ते मला सांगता येणार नाही. काही बायका आठवड्यात सोडतात, काही दिवाळीपर्यंत ताणतात. पण तू पोळी भाजायला उभी राहिलीस आणि पाणी संपल्याचं खरं सांगितलंस की बघ, बोलतील. कदाचित रागावूनच बोलतील, ‘अक्कल आहे का तुम्हाला’ म्हणतील. तो राग खाली मान घालून ऐकून घे.

७ तारखेला कळसूबाईच्या देवळापाशी रेंज मिळाली तर नवऱ्याला आईला फोन लावायला सांग. त्या आधी किती लिटर उरलंय ते बघून ठेवा, विचारतीलच.

– तुझी मावशी