लहानपणीच्या अत्याचाराच्या दाव्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ नेमकं काय तपासतात? मला वेडी किंवा खोटी ठरवतील का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवव्या वर्षी सोलापूरहून लेस्टरला आलात, तिथल्या शाळेतल्या एका माणसाने दोन वर्षं तुमच्यावर अत्याचार केले, आणि आता एकेचाळिसाव्या वर्षी तुम्ही भरपाईचा दावा लावताय. सॉलिसिटरने (दावा चालवणाऱ्या वकिलाने) तपासणीची तारीख कळवल्यापासून झोप उडालीय. मी इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि कोर्टासाठी असे अहवाल लिहिते, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगते.

वेडी कोणी ठरवणार नाही. आणि घटना घडली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मला नाहीच, तो न्यायाधीशांचा. दिवाणी दाव्यात त्यांनाही फक्त एवढंच पाहायचं असतं की पारडं तुमच्या बाजूला झुकतंय का. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही. तुमच्या सांगण्यात आणि कागदपत्रांत तफावत दिसली तर मी ती अहवालात नोंदवते, पण तीस वर्षांपूर्वीचा महिना किंवा वार चुकला म्हणून कोणी खोटं ठरत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करा. तज्ज्ञाला बोलावतात तुमचे सॉलिसिटर, पण दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतल्या पस्तिसाव्या भागानुसार त्याची पहिली बांधिलकी कोर्टाशी असते, पैसे कोणीही देवो. उद्या शाळेच्या विमा कंपनीने मला बोलावलं तरी माझं मत तेच असायला हवं. त्यामुळे समोरची डॉक्टर मायेने बोलेल, पण ती तुमच्यावर उपचार करणार नाही, आणि तुम्ही सांगितलेलं त्या खोलीत राहणार नाही. अहवाल पुढे विरुद्ध पक्षाच्या हाती जातो. ते लेखी प्रश्न विचारू शकतात, त्यांचा तज्ज्ञही तुम्हाला भेटू शकतो.

आता खरं अवघड काम. आजार आहे का आणि त्याचं नाव काय, हे त्यामानाने सोपं. आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' (दीर्घ आघातानंतरचा गुंतागुंतीचा मानसिक आजार) हे निदान आलंय. त्यात प्रसंग पुन्हा पुन्हा जिवंत होणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, सतत सावध राहणं हे तर असतंच; शिवाय भावनांवर ताबा न राहणं, 'मीच घाणेरडी' असं खोलवर वाटत राहणं आणि माणसं जवळ येऊ न देणं हेही असतं. लहानपणी वारंवार झालेल्या अत्याचारानंतर हे चित्र मी खूपदा पाहते. कोर्टाला त्याच्या पुढचं हवं असतं: हे घडलं नसतं, तर ही बाई आज कशी असती?

त्यासाठी मला सगळं आयुष्य बघावं लागतं. जन्म, आईवडिलांचं नातं, देश सुटणं, दहावीच्या वयातले मार्क, लग्न, नोकऱ्या, दारू, गोळ्या. जीपीची (नेहमीच्या डॉक्टरांची) फाइल, शाळेची कागदपत्रं आणि पोलिसांकडे जबाब दिला असेल तर तोही मी आधीच वाचलेला असतो. आणि इथेच माणसं चुकतात. एका गृहस्थांनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते) वडिलांचं पिणं आणि स्वतःचा घटस्फोट दडवला. दावा कमजोर होईल, अशी भीती. जीपीच्या फाइलीत दोन्ही होतं. विरुद्ध पक्षाच्या तज्ज्ञाने नेमकं त्यावर बोट ठेवलं आणि त्यांच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही सावली पडली. मला आजही त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, कारण दडवायची गरजच नव्हती. इथला कायदा म्हणतो की इजा करणाऱ्याने समोरचा जसा आहे तसा स्वीकारायचा. माणूस आधीच नाजूक होता म्हणून जास्त मोडला, ही सबब चालत नाही. दुसऱ्या दुःखांचा वाटा वेगळा काढणं हे माझं काम आहे. ते तुम्ही घरी बसून करू नका.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तुमचं इंग्रजी उत्तम असेल. पण ती नऊ वर्षांची मुलगी मराठीत घाबरली होती. 'जीव घाबरा होतो', 'अंगाची लाही होते', 'मेल्याहून मेल्यासारखं झालं' यांचं इंग्रजी करताना अर्धी वेदना गळून जाते, आणि समोरच्याला तुम्ही कोरड्या वाटता. जिथे शब्द अडेल तिथे मराठीत बोला. दुभाषी हवा असेल तर सॉलिसिटरला तारखेच्या आधी कळवा, आणि तो व्यावसायिक असू द्या. नवरा, बहीण, मुलगी यांना दुभाषी करू नका. त्यांच्यासमोर तुम्ही त्यांना सोसेल तेवढंच सांगाल.

'इतकी वर्षं गप्प का होतीस?' हा प्रश्न येणारच. तो आरोप समजू नका. १९८० च्या मुदतीच्या कायद्यानुसार लहानपणच्या इजेसाठी अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच मुदत ठरवली गेली; पण कलम ३३ खाली न्यायाधीश ती बाजूला ठेवू शकतात. हा दरवाजा अत्याचाराच्या दाव्यांना नीट उघडला २००८ मध्ये. बलात्काराच्या प्रयत्नासाठी जन्मठेप भोगणाऱ्या आयोर्वर्थ होअरला २००४ मध्ये सत्तर लाख पौंडांची लॉटरी लागली, तेव्हा त्याने जिच्यावर हल्ला केला होता त्या बाईने हल्ल्यानंतर सोळा वर्षांनी दावा लावला. तोवर १९९३ च्या एका निकालामुळे अशा दाव्यांना सहा वर्षांची ताठर मुदत होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकालच मोडीत काढला. म्हणून तुमच्या गप्प राहण्यामागची लाज, भीती, 'आईला काय वाटेल' हे सगळं मी अहवालात लिहिते. न्यायाधीशांना ते लागतं. (स्कॉटलंडने २०१७ च्या कायद्याने ही मुदत काढूनच टाकली. इंग्लंडमध्येही ती काढण्याचं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं आणि ती जायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे; आज नेमकं काय लागू आहे ते सॉलिसिटरला विचारा.)

उपचारांचाही भाग असतो: ट्रॉमावर, म्हणजे मानसिक आघातावर, केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारे बोलून केलेले उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर केलेले उपचार), साधारण किती बैठका. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत मोफत असलं तरी खाजगी उपचारांचा खर्च मागता येतो, तेव्हा त्याबद्दल मोकळेपणाने बोला.

मराठी मंडळातल्या लोकांना कळेल ही धास्ती तुमच्या प्रश्नात दिसली. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख आयुष्यभर छापता येत नाही. १९९२ चा तसा कायदा आहे. आणि बहुतेक दावे कोर्टात उभं राहण्याआधीच मिटतात.

तपासणीला दोनेक तास धरून चाला. मध्ये थांबायला सांगा, पाणी मागा, स्त्री डॉक्टर हवी असेल तर आत्ताच कळवा. नंतर चार-सहा दिवस स्वप्नं आणि धडधड वाढू शकते, म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या आणि परतताना गाडी स्वतः चालवू नका. कोणीतरी बाहेर बसलेलं असू दे, ज्याला काही विचारायचं नाही, फक्त तुम्हाला घरी न्यायचंय.