अमेरिकेचं परराष्ट्र धोरण खरंच तिथल्या जनमतावर चालतं का? सर्व्हेच्या आकड्यांवर कितपत भरवसा ठेवावा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: फार थोडं. दुसऱ्यासाठी मला मार्च २००३ मध्ये जावं लागेल, कारण अशा आकड्यांत एक मी आहे.

तेव्हा आम्ही ओहायोत, कोलंबसला होतो. मी एचवनबीवर, लग्नाला जेमतेम दीड वर्ष. इराकवर बॉम्ब पडायला लागून दोन-तीन दिवस झाले होते. संध्याकाळी सातच्या सुमारास घरचा फोन वाजला. सर्व्हेवाली बाई. आवाज एखाद्या प्रेमळ आजीसारखा, त्यामुळे ठेवून देता आला नाही. वय विचारलं, शिक्षण विचारलं, उत्पन्न कुठल्या गटात ते विचारलं. नागरिक आहात का, हे मात्र विचारलंच नाही. मग प्रश्न आला: इराकमधल्या कारवाईला तुमचा पाठिंबा आहे की विरोध?

त्याच दिवशी सकाळी टीव्हीसमोर बसून मी राष्ट्राध्यक्ष बुशला अस्सल कोल्हापुरी शिव्या घातल्या होत्या. पण फोनवर घशाला कोरड पडली. २००१ च्या अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीर सिंग सोढी या शीख माणसाला पगडी-दाढी बघून गोळी घातली होती, ते डोक्यातून गेलं नव्हतं. शिवाय नंबर आपला, पत्ता आपला, व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं. म्हणालो, ‘सपोर्ट.’

‘स्ट्राँगली की समव्हॉट?’

‘स्ट्राँगली.’

आणि नेमकी तेव्हाच मागे कुकरची शिट्टी झाली. बाई दचकल्या. ‘सर, सगळं ठीक आहे ना?’ बायकोने धावत जाऊन शेगडी बंद केली. फोन ठेवल्यावर तिने एवढंच विचारलं, ‘मग सकाळचा तो कोण होता?’

त्याच सुमारास गॅलप या सर्व्हे कंपनीचा आकडा आला: ७२ टक्के अमेरिकन युद्धाच्या बाजूने. ठाण्याचे आमचे साडू हा आकडा वीस वर्षं माझ्या तोंडावर फेकतायत. प्रत्येक दिवाळीला, फराळाच्या ताटावर. ‘लोकशाही ना तुमची? मग लोकांनीच केलं युद्ध!’

साडूभाऊ, क्रम उलटा आहे. युद्धाच्या परवानगीचा ठराव सिनेटने ऑक्टोबर २००२ मध्येच ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केला होता. फेब्रुवारीत परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल युनोत जाऊन इराककडच्या विध्वंसक शस्त्रांचे ‘पुरावे’ दाखवून आले. ती शस्त्रं पुढे सापडलीच नाहीत. याद्या झाल्यावर मुलीला पसंती विचारायची, तसा तो ७२ टक्के होकार. त्याच वर्षी वॉशिंग्टन पोस्टच्या सर्व्हेत ६९ टक्के लोकांना वाटत होतं की अकरा सप्टेंबरमागे इराकच्या सद्दाम हुसेनचा हात असावा. आणि सप्टेंबरात खुद्द बुशच म्हणाले, तसा काही पुरावा आमच्याकडे नाही! आधी लोकांना घाबरवायचं आणि मग म्हणायचं, बघा, लोकच मागे लागलेत.

बरं, मत फिरलं तेव्हा काय झालं? २००६ च्या नोव्हेंबरात इराकवर वैतागलेल्या मतदारांनी बुशच्या रिपब्लिकन पक्षाकडून संसदेची दोन्ही सभागृहं काढून घेतली. जानेवारीत बुशनी वीस हजारांवर जादा सैनिक धाडायची घोषणा केली. मार्च २००८ मध्ये उपाध्यक्ष चेनींना टीव्हीवर विचारलं, दोन तृतीयांश लोकांना हे युद्ध निरर्थक वाटतं. चेनी म्हणाले, ‘सो?’ एका शब्दात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळा झालेला माणूस!

माझ्या मते खरी मेख सैन्यातल्या सक्तीच्या भरतीत आहे. व्हिएतनामच्या वेळी कुणाच्याही पोराचा नंबर लागू शकत होता, म्हणून घराघरात युद्धावर बोलणं व्हायचं. १९७३ मध्ये ती भरती बंद झाली. आता कुणाचं पोर सैन्यात असेल त्याच्या घरी युद्ध, बाकीच्यांच्या गाडीवर सैनिकांना पाठिंबा दाखवणारं पिवळ्या रिबिनीचं स्टिकर. परदेशी मदतीचंच बघा. बजेटच्या जवळपास पाव हिस्सा त्यात जातो असं लोक सर्व्हेत सांगतात, जाते साधारण एक टक्का. इतक्या लांबच्या गोष्टीवर कोण कशाला नेत्याची मान धरेल?

अपवाद आहेत, नाही असं नाही. २०१३ मध्ये सीरियावर हल्ल्यासाठी ओबामांनी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी मागितली, तेव्हा मतदारांनी खासदारांचे फोन खणाणत ठेवले. सभागृहात मतदान झालंच नाही. आता त्यात सीरियाने रासायनिक शस्त्रं सोपवावीत अशी तोड रशियाने काढली हेही होतं, सगळं श्रेय फोनना देता येणार नाही.

आणि हो, माझ्यासारख्या चार भित्र्यांमुळे ७२ चा आकडा खोटा ठरत नाही. माझ्या ऑफिसातले बहुतेक लोक मनापासून युद्धाच्या बाजूने होते. तुम्ही सर्व्हे जरूर वाचा, फक्त प्रश्न कुठल्या शब्दांत आणि कुठल्या आठवड्यात विचारला ते बघून घ्या.

साडूभाऊ इथे वाचतात हे मला माहीत आहे. तर साडूभाऊ, गॅलपच्या यादीत होतो की दुसऱ्या कुणाच्या ते देव जाणे, पण ‘स्ट्राँगली’ म्हणणारा एक जण मी होतो. पटत नसेल तर तुमच्या मेहुणीला विचारा. कुकर तिनेच बंद केला होता.