संध्याकाळी बांगडी घट्ट होते

प्रश्न : ताई, मी ४७ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात असते. मागच्या वर्षी डाव्या बाजूच्या ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीपण काढल्या, मग केमो, मग रेडिएशन, ते संपून आता सात महिने झाले. सगळे म्हणतात सुटलीस बाई एकदाची, मी पण हो म्हणते, पण दुपारचे बारा वाजले की अंगातलं बळच जातं, कुकर लावायचं पण जिवावर येतं. शब्द आठवत नाहीत, परवा किसणी हा शब्द सुचेना, नुसती हातवारे करत उभी. सासूबाई बोलत काही नाहीत पण भांडी जोरात आपटतात. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. नणंद म्हणाली साखरेने कॅन्सर परत येतो, म्हणून साखर बंद केलीये. हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत का? बाकी ठीक, डाव्या हातातल्या बांगड्या संध्याकाळी घट्ट होतात तेवढंच.

उत्तर : अगं, "तेवढंच" काय! तिथूनच सुरू करते. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी नीट वाहून जात नाही आणि हात सुजायला लागतो, लिम्फेडेमा म्हणतात त्याला, सुरुवात बऱ्याचदा अशीच, सकाळी काही नाही आणि संध्याकाळी बांगडी रुतते. दुसरं काही कारणही असू शकतं, म्हणून तारखेची वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवा म्हण. लवकर धरलं तर व्यायाम, ठरावीक पद्धतीचा हलका मसाज, हातावर चढवायची प्रेशरची घट्ट बाही यांनी आटोक्यात राहतं, जुनं झालं की चिवट होतं. घरी कुणाला तेल लावून रगडू देऊ नकोस. तोवर त्या बांगड्या काढ, हात मोकळा दिसतो म्हणून कुणी कुरकुरलं तर उजव्या हातात दोन जास्त घाल. त्या हाताला विळी लागली तर लगेच साबणाने धू, आणि हात लाल, गरम झाला किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही.

थकवा मनाचा खेळ नाही. केमो-रेडिएशननंतर तो कित्येक महिने राहतो, पण हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, कधीकधी चोर तिथे असतो. गंमत म्हणजे नुसतं पडून राहिलं की तो वाढतो. रोज दहा मिनिटं चाल, मग हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत ने. अवघड काम सकाळी उरक, भाजी बसून निवड.

किसणीचं म्हणशील तर मी माझ्या आजारपणानंतर बँकेत स्वतःची सही विसरले होते, कॅशियर बघतोय आणि मी पेन धरून गप्प. केमो ब्रेन म्हणतात याला, बहुतेकींचं हळूहळू निवळतं, तोवर वही जवळ ठेव.

साखर बंद केली म्हणून कॅन्सर उपाशी मरत नाही, शरीरातल्या सगळ्याच पेशींना ती लागते. वजन वाढू नये म्हणून कमी खा, ते चांगलंच आहे, पण होळीला एक पुरणपोळी खाल्लीस तर आभाळ कोसळणार नाही. नणंदेला म्हणावं, उसळ, अंडी, दही यांचं विचार, ते जास्त उपयोगाचं.

तारखेआधीची भीती मलाही अजून वाटते, तेव्हा जाताना प्रश्न लिहून ने आणि सोबत कुणीतरी घे. पण झोप रोजच उडायला लागली, जगणं नकोसं वाटलं तर १४४१६ ला फोन कर, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

आणि सोबत कोण? सासूबाईंनाच ने. तुझे केस परत आलेले त्यांना दिसतात, थकवा दिसत नाही, त्यात त्यांचाही फारसा दोष नाही. फिजिओवाली सांगेल ते त्यांच्या कानावर पडू दे. जायच्या आधी आज रात्री शिवणकामाच्या टेपने दोन्ही मनगटं मोज, उद्या सकाळी परत मोज, आणि ते आकडे लिहिलेला कागद डॉक्टरांपुढे ठेव.