चोरिस उकळून पाणी ओतून देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा: गोव्याहून पाव किलो चोरिस, म्हणजे तिथली डुकराच्या मांसाची सॉसेज, आणलेत, घरात खाणारे चौघं, एकाच भांड्यात रात्रीचं जेवण उरकायचंय. सॉसेज आधी उकळून पाणी टाकून द्यायचं आणि मग तेलावर कांदा, टोमॅटो, आलं-लसूण पेस्ट, गरम मसाला घालून करी करायची, हे बरोबर आहे का? आणि चिकन सॉसेजला हीच कृती चालेल का?

नाही. उकळणं तर दोन्हीकडे नाही.

उकळून पाणी ओतण्याची ही रीत आहे ऑस्ट्रेलियातल्या ‘करीड सॉसेजेस’ची. तिथे बीफची ताजी, जवळजवळ बिनमसाल्याची सॉसेज असतात. जुन्या पद्धतीत ती आधी उकळायची, साल सोलायची, मग कांदा, गाजर, मटार, करी पावडर, स्टॉक आणि शेवटी कॉर्नफ्लोअर लावून दाट रस्सा. सोबत कुस्करलेला बटाटा. त्यात पाणी टाकून दिलं तरी काही बिघडत नाही, कारण सगळी चव नंतर बाहेरून येते.

चोरिसमध्ये सगळी चव आत असते. डुकराच्या मांसाचे हाताने कापलेले तुकडे आणि चरबी, मीठ, सुकी लाल मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद आणि माडाच्या सुरेपासून केलेला व्हिनेगर. हे मुरवून, आतड्यात भरून, उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात वाळवलेलं असतं. म्हणजे तुम्ही जे पाणी मोरीत ओतणार आहात, तोच तुमचा रस्सा आहे. मीठ आणि आंबटपणा पाण्यात उतरतो, मिरचीचा रंग वर आलेल्या चरबीत. दोन्ही ओतून दिलं की मागे उरतात पांढुरके, चामट तुकडे. मग लोक तिखट घालतात, गरम मसाला घालतात, टोमॅटो घालतात आणि वर म्हणतात, गोव्याच्या सॉसेजची उगाच तारीफ करतात. आमच्या नात्यातले एक गृहस्थ हे दर वेळी जेवणाच्या टेबलावर ऐकवतात, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

खारट होतं, ही तक्रार मात्र खरी आहे. वाळवून टिकवायचा पदार्थ, मीठ जास्तच असणार. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या सामानात चोरिसची ही माळ पावसाळाभर पुरायची असते. त्यावर उपाय कांदा आणि बटाटा, तोही सढळ हाताने. अडीचशे ग्रॅम चोरिसला चार मध्यम कांदे जाड उभे चिरून आणि तीनशे ग्रॅम बटाटे. एवढा कांदा बघून घाबरू नका, तो निम्म्याहून कमी होतो. वरून मीठ अजिबात नाही. तेलही नाही, थेंबभरसुद्धा नाही.

भांडं जाड बुडाचं, पसरट, झाकणाचं घ्या. स्टीलचं, नॉनस्टिक किंवा मातीचं चालेल. लोखंडी कढई आणि साधं अॅल्युमिनियम नको, व्हिनेगरमुळे धातूची चव उतरते.

आता क्रम. बहुतेकांचा इथेच घोळ होतो. चोरिस शिजल्यावर बटाटे घातले की ते अर्धा तास झाला तरी कच्चेच. आच कमी पडलेली नसते, आंबट रसात बटाटा मऊ व्हायला फार वेळ घेतो. म्हणून आधी बटाट्याचे दीड सेंटिमीटरचे तुकडे दीड कप साध्या पाण्यात सहा-सात मिनिटं उकळा, सुरी अर्धी आत जाईपर्यंत. मग माळेचे दोरे कापून चोरिस अख्खेच वर ठेवा, झाकण लावा, मंद-मध्यम आचेवर दहा मिनिटं. या वेळात साल सैल होते, आतली चरबी पातळ होते आणि पाणी लालसर दिसू लागतं.

चिमट्याने चोरिस ताटलीत काढा, कात्रीने उभी चीर द्या आणि आतलं मांस दाबून परत भांड्यात पाडा. साल फेकून द्या. आतड्याची साल खाल्ली तर काही होत नाही, पण वाळलेली साल चिवट लागते आणि दातात अडकते. पाकिटातल्या काही सॉसेजची साल कृत्रिम असते. ती तर काढायलाच हवी. कच्चं असताना सोलत बसू नका, अर्धं मांस सालीला चिकटून जातं आणि हात दोन दिवस लाल राहतात. ताटलीत सांडलेला रस भांड्यात परत गेला पाहिजे.

आता निम्मा कांदा घाला, झाकण ठेवा, मंद आचेवर पंधरा मिनिटं. मांसाचा एक मोठा तुकडा दाताखाली घेऊन बघा. चामट लागला तर माळ जास्त वाळलेली आहे. अर्धा कप गरम पाणी आणि आणखी दहा मिनिटं द्या. इथे घाई नको. पोर्तुगालचा शोरिसू चकत्या करून तसाच खातात, ते बघून कुणी गोव्याचा चोरिस चाखायला जाऊ नये. हा कच्चाच असतो, पूर्ण शिजवावा लागतो.

झाकण काढा, आच वाढवा, पाणी आटू द्या. रस बुडबुडायचा थांबून चुरचुरायला लागला आणि कडेने नारिंगी तवंग सुटला की थांबा. भांडं तिरकं करून जास्तीची चरबी वाटीत काढा, दोनेक चमचे राहू द्या. ही वाटी टाकायची नाही. उद्या त्यात अंडी फोडा किंवा शिळा भात परता. तेलकट होतं म्हणणाऱ्यांनी ही एक पायरी केलेली नसते, उलट सुरुवातीला तेल ओतलेलं असतं.

उरलेला कांदा आणि तीन चिरलेल्या हिरव्या मिरच्या आता घाला, चार-पाच मिनिटं परता. हा कांदा थोडा करकरीत राहिला पाहिजे. आधीचा विरघळून रस्सा दाट करतो, हा दाताला लागतो. चव बघा. फार खारट वाटलं तर चिमूटभर साखर, सपक वाटलं तर चमचाभर माडाचा व्हिनेगर. टोमॅटो नको, आंबटात आंबट कशाला. आलं-लसूण आतच भरपूर आहे. सगळं मिळून पाऊण तास, त्यातला निम्मा वेळ तुम्ही मोकळे.

सोबत पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) किंवा साधा पाव, नाहीतर उकड्या तांदळाचा भात. पोळीशी मजा नाही, हे माझं ठाम मत आहे आणि घरात ते कुणालाही मान्य नाही.

चिकन सॉसेजचं राहिलं. फ्रोझन पाकिटातली सॉसेज बहुतेक आधीच शिजवलेली असतात, मसाला बेताचा, चरबी कमी. तिथे तुमची तेल, कांदा, आलं-लसूण, मसाला ही कृती बरोबर आहे, उकळणं सोडून. रस्सा आधी पूर्ण करा, सॉसेजच्या तिरप्या चकत्या शेवटी घाला, चार-पाच मिनिटं पुरेत. जास्त शिजवलं की रबर होतं. रस्सा नारळाच्या दुधाचा केलात तर मुलं आवडीने खातात. त्यात मीठ सॉसेज घातल्यावरच ठरवा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. घरात कुणाला रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं असेल तर चोरिस त्यांच्या पानात वाढू नका, बटाट्याने मीठ वाटलं जातं, नाहीसं होत नाही. आणि पाकीट उघडल्यावर आधी वास घ्या. आंबट, लसणीचा, धुराचा वास ठीक. चरबी पिवळी पडून खवट वास येत असेल तर कुठल्याही कांद्या-बटाट्याने तो झाकला जात नाही. त्या दिवशी अंड्याची करी करा.